कायम नेमणुकीचा आदेश

सोसायटीच्या कचेरीतील लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला मी परवा संध्याकाळी एक जादा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिला, जिन्यातील कॅमेऱ्यांची चित्रे पडद्यावर आली, आणि रात्री नौपाड्यातील आमच्या गल्लीची वीज गेली. सकाळी ॲड्रेस नाहीसा, पडदा काळा, आणि समितीपुढे खुलाशाला मी.

एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालेले आमचे माजी सचिव खुर्ची ओढून शेजारी बसले.

"हुकूम तोंडी दिलात की लेखी?"

कमांड टाइप करून दिली होती, असे मी सांगितले.

"टाइप केले म्हणजे लेखी होत नाही. फायलीवर आले का?"

"नाही."

"मग ती तात्पुरती नेमणूक. सेवेत खंड पडला, माणूस घरी. कायम करण्याचा आदेश कोणी काढायचा होता?"

"काका, तेच मॅन्युअलमध्ये लिहिलेले नाही."

"कोणत्या शाखेने काढायचा, तेही नाही?" असे म्हणून ते, सबंध नोकरीत न भेटलेले तोलामोलाचे कार्यालय आज भेटल्याच्या आदराने, लिनक्सकडे पाहू लागले.

चीड याची येते की त्यांचे निदान अचूक होते. ॲड्रेस देणारी 'आयपी' ही कमांड फक्त चालू कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, नोंद बदलते. यंत्र सुरू होताना वाचली जाणारी फाइल निराळी, आणि ती लिनक्सच्या वितरणागणिक वेगळी: डेबियनमध्ये एक, उबुंटूत १७.१० या आवृत्तीपासून नेटप्लॅन या नेटवर्क मांडणाऱ्या साधनाची, तर फेडोरात नेटवर्कमॅनेजर या दुसऱ्या साधनाच्या ताब्यात. कमांडचे मॅन्युअल लिहिणाऱ्यांना वाटते की हे वितरण करणाऱ्यांनी सांगावे, आणि वितरण करणारे गृहीत धरतात की एवढे तर कोणालाही ठाऊक असेल. 'हा बदल यंत्र बंद होईपर्यंतच टिकेल' एवढे एक वाक्य लिहिले असते, तर कोणाच्या तिजोरीला खार लागला असता? असंख्य पर्यायांची बारकाईने वर्णने करणाऱ्या या मंडळींना माणूस यंत्र कधीतरी बंद करतो, हेच मान्य नसावे.

नेटवर्कवरून कोणाला आत घ्यायचे याचे नियम सांभाळणाऱ्या फायरवॉलडी या प्रोग्रामने निदान 'पर्मनंट' असा पर्याय ठेवला आहे. पण तो लावला तर नियम फायलीत जातो आणि रीलोड केल्याशिवाय, म्हणजे फाइल पुन्हा वाचायला लावल्याशिवाय, लागू होत नाही, न लावला तर तत्काळ लागू होतो आणि टिकत नाही. हे ऐकून काका प्रसन्नपणे उद्गारले, "म्हणजे रुजू एका आदेशाने, कायम दुसऱ्या आदेशाने. बरोबरच आहे!"

अखेर नेटप्लॅनच्या फायलीत मी ॲड्रेस लिहिला. तीत मोकळ्या जागा इकडच्या तिकडे झाल्या तरी ती नाकारली जाते, म्हणून श्वास रोखून लिहिला. काकांनी सर्वांत वर जावक क्रमांक आणि दिनांक घालण्याचा आग्रह धरला. हॅशने (#) सुरू होणारी ओळ यंत्र वाचत नाही, म्हणून मी तो निमूटपणे घातला.