ब्लॉकला तडा गेला म्हणून ट्रॅक्टर भंगारात घालण्याची घाई नको

निपाणी, चिकोडी, खानापूर भागातील शेतकऱ्यांच्या मोबाईलवर सध्या जुन्या ट्रॅक्टरविषयी एक संदेश फिरतो आहे. त्यात चार गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत: इंजिन ऑइल दुधाळ झाले की ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा ओतीव मुख्य सांगाडा, फुटला असे समजावे, थंडीत पाणी गोठून ब्लॉक फुटतो म्हणून रोज रात्री रेडिएटर रिकामा करावा, बिडावर, म्हणजे ब्लॉकच्या ओतीव लोखंडावर, वेल्डिंग टिकत नाही, आणि तडा गेलेला ट्रॅक्टर भंगारात घालावा किंवा त्याला बाजारातला जुना ब्लॉक बसवावा. असा संदेश वाचून दोन-चार एकरांचा मालक आपले एकमेव यंत्र किलोच्या भावाने विकायला निघतो, म्हणून तो गप्प राहून पुढे जाऊ देणे मला योग्य वाटत नाही.

पहिले विधान सर्वांत घातक आहे. ऑइल दुधाळ झाले याचा अर्थ त्यात पाणी मिसळले एवढाच होतो. ते पाणी हेड गॅसकेटमधून (ब्लॉक आणि त्यावरचे झाकण असलेले हेड यांच्यामधल्या पत्र्यातून) येऊ शकते, हेडच्या तड्यातून येऊ शकते, आणि ज्या इंजिनात लायनरच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याच्या) बाहेरून थेट पाणी फिरते त्यात लायनरच्या खालच्या रबरी रिंगा कडक झाल्या तरी येऊ शकते. आमच्या थोरल्या चुलत्यांच्या ट्रॅक्टरचा ब्लॉक गेला असे एका मिस्त्रीने न उघडताच सांगितले होते. प्रत्यक्षात दोष त्या रिंगांचा निघाला. खात्री करण्याची रीत सोपी आहे. खालचे ऑइल चेंबर उतरवावे, रेडिएटर पाण्याने भरून त्यावर झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच हवेचा दाब द्यावा, आणि थेंब नेमका कोठून पडतो ते खालून पाहावे. बाहेरच्या बाजूला तडा असल्याचा संशय असेल तर ती जागा घासून स्वच्छ करावी, रॉकेल लावून पुसून घ्यावी आणि खडूची भुकटी चोळावी. तड्यात मुरलेले रॉकेल बाहेर येऊन भुकटीवर ओली रेघ उमटते.

थंडीचे विधान आपल्या हवामानाला लागूच होत नाही, कारण बेळगावचे तापमान हिवाळ्यातही शून्यापर्यंत उतरत नाही. उलट रोज पाणी काढून विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी पुन्हा भरले तर प्रत्येक वेळी नवे क्षार आत जातात, त्यांचा थर पाण्याच्या कप्प्यात साचतो आणि इंजिनाची उष्णता बाहेर पडेनाशी होते. आपल्याकडे ब्लॉक तापण्याची कारणे वेगळी आहेत: गळिताच्या हंगामात उसाच्या पाचटाने बुजलेली रेडिएटरची जाळी, सैल झालेला पंख्याचा पट्टा, आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढताना तापमानाच्या काट्याकडे न जाणारे लक्ष. अशा तापलेल्या इंजिनात घाईने गार पाणी ओतले की एक बाजू एकदम आकसते आणि बीड चिरते.

बिडावर वेल्डिंग टिकत नाही, हे विधान अर्धसत्य आहे. बिडात साधारण २.५ ते ४ टक्के कार्बन असतो आणि त्याचा बराचसा भाग ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतो, त्यामुळे ते दाब उत्तम सोसते पण ताण सोसत नाही. साध्या लोखंडी रॉडने त्यावर वेल्डिंग केले तर जोडाशेजारी काचेसारखा कडक पट्टा तयार होतो आणि थंड होताना नवा तडा जातो. लोकांनी पाहिलेले अपयश बहुतेक असेच असते. योग्य पद्धतीत आधी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्रे पाडतात, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तडा खोदून, मुरलेले ऑइल जाळून काढून, निकेलच्या रॉडने एका वेळी इंचभरच टाका मारतात, तो गरम असतानाच हातोडीने हलके ठोकतात, आणि त्या जागी हात ठेवता येईपर्यंत पुढचा टाका मारत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे संपूर्ण ब्लॉक सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून गॅसने जोडणे व कोरड्या राखेत किंवा वाळूत सावकाश निववणे. तिसऱ्या मार्गात उष्णता लागतच नाही: तड्यावर ओळीने छिद्रे पाडून एकमेकांत अडकणाऱ्या आट्यांच्या पिना बसवतात. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरकडे शिरोलीला फौंड्र्या भरपूर आहेत, परंतु बीड ओतणारा आणि चिरलेले बीड जोडणारा हे दोन वेगळे कारागीर असतात, म्हणून जोडणाऱ्याने यापूर्वी जोडलेला एखादा ब्लॉक पाहूनच त्याला काम द्यावे. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय मात्र करू नये; ती बारीक नळ्या बुजवते आणि इंजिन आणखी तापते.

भंगाराचा सल्ला काही ठिकाणी बरोबर आहे, हे मान्य केले पाहिजे. मेन बेअरिंगच्या बैठकीतून (क्रँकशाफ्ट ज्या जागी टेकून फिरतो तेथून) तडा गेला असेल तर दुरुस्तीवर पैसा घालू नये. गिअरबॉक्सला जोडणाऱ्या बोल्टांजवळचा तडाही गंभीर असतो, कारण बहुतेक जुन्या ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते आणि इंजिनाचा ब्लॉकच पुढच्या धुरीपासून मागच्या भागापर्यंतचा भार वाहतो. पाण्याच्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवरील वीतभर तडा या दोहोंच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि तो दुरुस्त होतो.

जुना ब्लॉक बसवणे संदेशात सांगितले आहे तितके सरळ नाही. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवरच कोरलेला असतो आणि तोच आरसीत (नोंदणी पुस्तकात) नोंदलेला असतो. त्यामुळे कागल किंवा गडहिंग्लजहून आणलेला ब्लॉक केए २२ किंवा केए २३ नोंदणीच्या, म्हणजे आपल्या बेळगाव-चिकोडीकडच्या, ट्रॅक्टरवर चढवायचा तर पक्के बिल घ्यावे लागते आणि परिवहन कार्यालयात बदलाची नोंद करावी लागते. पैसे देण्यापूर्वी त्या ब्लॉकचीही रॉकेल-खडूची तपासणी विकणाऱ्याच्या समोरच करून घ्यावी, कारण तो ज्या ट्रॅक्टरमधून निघाला त्याचे इंजिन मुळात का उघडले होते, हे विकणारा सांगेलच असे नाही.