चार मिलिमीटरचं भोक

तंबाखूचा पाइप बनवणारा माणूस तो ओढतच असणार, असं आमच्या सोसायटीचं ठाम मत आहे. मी ओढत नाही. लाकूड कोरायला आवडतं, बस. पण परवा पार्किंगमध्ये हातात ड्रिल घेऊन हे तळमजल्यावरच्या काकांच्या गळी उतरवायची वेळ आली.

"चिलीम का रे?"

"पाइप, काका."

"तेच ते. आत काय भरणार?"

"काही नाही."

"मग एवढी खटपट कशाला?"

तोवर त्यांनी वॉचमनकडून खुर्ची मागवली. "लाकूड कुठलं?"

म्हटलं, ब्रायर. भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. तासन्‌तास उकळतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात. ती जात्याच विस्तवाला लगेच दाद देत नाही.

"आपली बाभूळ मेली का?" इथून काका गावच्या बैलगाडीच्या चाकांवर गेले, तिथून चुलत्याने हडपलेल्या बांधावर. मी ठोकळा घट्ट धरणारा व्हाइस आवळत होतो.

दांडीतलं चार मिलिमीटरचं भोक तंबाखू भरायच्या वाटीच्या बरोब्बर बुडाशी निघावं लागतं. वर निघालं की खालची तंबाखू ओली राहते, पाइप गुरगुरतो. मी श्वास रोखून ड्रिल चालवतोय आणि काका म्हणतात, "तिरकं जातंय."

जात नव्हतं.

"अरे, तिरकं जातंय म्हणतो ना!" म्हणत त्यांनी माझं कोपर धरून सरळ केलं. ड्रिलचं पातं, म्हणजे बिट, वाटीच्या कुशीतून थेट बाहेर. भुसा काकांच्या चष्म्यावर. "बघ, सांगत नव्हतो?"

परदेशातून मागवलेला ठोकळा, वर कस्टमची ड्यूटी. भरपाई कोण देणार? उलट रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: 'पार्किंगमध्ये व्यसनाची साधने बनवू नयेत.' खाली पटापट अंगठे. त्यातला एक अंगठा ज्यांचा, त्यांची पानाची पिचकारी जिन्याच्या कोपऱ्यात रोज ताजी असते. तिसऱ्या मजल्यावर भर दुपारी फरशी कापतात, ती चालते. माझं लाकूड मात्र व्यसन!

आज सकाळी काका दारात. "ड्रिल मोकळंच असेल ना आता? पडद्याची दांडी लावायचीय."

भिंतीचं बिट वेगळं असतं, हे सांगेपर्यंत ते पेटी उचलून गेलेसुद्धा. संध्याकाळी परत आली. लाकडाचं चार मिलिमीटरचं बिट टोकाला जळून निळं पडलेलं, खाचांत सिमेंट.

"नवीन घे रे," काका म्हणाले, "हे काही कामाचं नाही."