प्रपोझिशन ८ चा अर्धाच दाखला

समलिंगी विवाहाचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: कॅलिफोर्नियासारख्या पुढारलेल्या राज्यातही जनतेने मतदान करून असा विवाह नाकारला, कोर्टाने तो लादला. कृष्णवर्णीयांनीच विरोधात मत दिलं, मग हा नागरी हक्कांचा लढा कसला?

मतदान झालं, हे खरं. ४ नोव्हेंबर २००८ ला प्रपोझिशन ८, म्हणजे लग्न फक्त स्त्री-पुरुषांचंच असं कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत घालणारा प्रस्ताव, सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर झालं. पण ‘नाकारला’ कसं म्हणणार? जूनपासून ही लग्नं कायदेशीर होती, १८ हजारांच्या आसपास जोडपी बोहल्यावर चढलीही होती. मतपत्रिकेवरच्या शीर्षकातच लिहिलं होतं की, याने समलिंगी जोडप्यांचा लग्नाचा हक्क रद्द होतो. त्याच मतपत्रिकेवर कोंबड्या-डुकरांना पिंजऱ्यात अंग वळवण्यापुरती जागा देण्याचा प्रस्ताव होता. तो याहून मोठ्या बहुमताने पास झाला!

बरं, कौल म्हणजे शेवटचा शब्द? १९६४ मध्ये याच राज्यात प्रपोझिशन १४ आलं. घर कोणाला विकायचं, भाड्याने द्यायचं ही मालकाची मर्जी, म्हणजे वर्ण बघून दार लावून घ्यायची मोकळीक. तब्बल ६५ टक्के मतं पडली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं. तेही ‘लादणं’च का? आणि कौलच मोजायचे तर २०२४ चाही मोजा: मतदारांनीच ६२ टक्क्यांहून जास्त मतांनी प्रपोझिशन ८ राज्यघटनेतून काढून टाकलं.

कोर्टाचं म्हणाल, तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रपोझिशन ८ कायमच ठेवलं होतं. ते रद्द झालं २०१० मध्ये, फेडरल (केंद्रीय) न्यायाधीश वॉन वॉकर यांच्यापुढे, रीतसर साक्षीपुरावे होऊन. खटल्याआधीच्या एका सुनावणीत त्यांनी बंदीच्या बाजूच्या वकिलांना विचारलं होतं की, अशा लग्नांनी स्त्री-पुरुष विवाहाचं नुकसान काय? उत्तर आलं, ‘मला माहीत नाही.’

राहिले कृष्णवर्णीय मतदार. त्यांच्यातल्या ७० टक्क्यांनी प्रपोझिशन ८ च्या बाजूने मत दिलं, हा आकडा एक्झिट पोलचा. नंतरच्या अभ्यासात तो ६० च्या आतच आला. तरी बहुमत होतं, हे मान्य. पण राज्याच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा जेमतेम ७ टक्के. आणि लढा वेगळा म्हणावा, तर कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची जुळवाजुळव करणारे बायर्ड रस्टिन स्वतः समलिंगी होते. मोर्चाच्या तोंडावर सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांनी त्यावरूनही त्यांना सिनेटमध्ये बदनाम केलं, तेव्हा मोर्चाचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ जाहीरपणे रस्टिन यांच्या पाठीशी उभे राहिले.