वही आणलीसा काय?

गेल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी आमच्या मागच्या बाकावरची एक जागा परत रिकामी दिसली. घरी आलो, जेवणात मन लागलं नाही. म्हणून लिहितोय. कोल्हापुरातल्या आपल्या मंडळीतल्या लोकांनी वाचावं. राग आला तर घरी यावं, बोलावं. पण हे ग्रुपवर फिरवू नका, एवढी विनंती.

काही वर्षांपूर्वी हंगामाच्या सणाचा लिलाव झाला. भोपळे, उसाच्या मोळ्या, गुळाच्या ढेपा, दोन कोंबड्या. हिशेब ज्या पोराकडं होता त्याच्या वहीतला आकडा आणि जमा रक्कम जुळेना. साडेआठ हजारांचा फरक. बुधवारच्या प्रार्थनासभेपर्यंत घराघरांत कळलं होतं. मी तेव्हा मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांत होतो. मला चहाच्या गाडीवर कळलं, मी आणखी दोघांना सांगितलं, वर "प्रार्थनेत ठेवा" असंही म्हणालो. त्याच्या घरी गेलो नाही. त्याचं घर माझ्या दारापासून चालत सात मिनिटांवर आहे.

बायबलमधलं मत्तय १८:१५ आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. आधी तू आणि तो, दोघंच. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे. तरीही नाही, तर मंडळीला सांग. आपण ही वाट शेवटाकडून धरतो. आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग दोघं-तिघं कोपऱ्यात बोलतात, आणि ज्याचं आहे त्याच्यापाशी कुणी पोचतच नाही. आणि या चुगलीला आपण प्रार्थनेचा विषय म्हणतो. मला याची फार लाज वाटते.

दीड वर्षानं मी गेलो. तेही पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. दार त्यानंच उघडलं. पत्रिका हातात घ्यायच्या आधी म्हणाला, "दादा, वही आणलीसा काय?" मला कळेना. तो आत गेला आणि एक छोटी डायरी घेऊन आला. पैसे त्यानंच घेतले होते, वडलांच्या डायलिसिसच्या वेळी. डायरीत तारीखवार मांडलेलं: पन्नास, शंभर, कधी दोनशे, आईच्या अर्पणाच्या पाकिटातून परत. शेवटी बाकी दोन हजार शंभर. पानाखाली रेघ मारून पंचांच्या सहीसाठी जागा सोडलेली. कुणीतरी हिशेब बघायला येईल असं धरून तो दीड वर्ष बसला होता.

लहानपणी तालमीत माझा खांदा निखळला होता, ते त्या दिवशी परतताना आठवलं. हौद्याभोवती पोरांचा घोळका, जो तो सांगतोय असं कर, तसं कर. वस्ताद आले ते आधी सगळ्यांवर ओरडले, "हटा मागं!" मग माझ्याशेजारी त्या तांबड्या मातीत बसले. ताक-हळदीचा वास अजून नाकात आहे. तेल चोळत सकाळी काय खाल्लंस विचारत राहिले, आणि बोलता बोलता हात असा ओढला की मी किंचाळलो. खांदा बसला. दुखलं, खोटं कशाला सांगू. नंतर म्हणाले, "पंधरा दिस हात गळ्यात. मातीत उतरायचं न्हाई. पण रोज यायचं, कट्ट्यावर बसायचं. घरात बसायचं न्हाई."

गलतीकर ६:१ मध्ये अपराधात सापडलेल्याला सौम्य वृत्तीनं ताळ्यावर आणा असं प्रेषित पौल सांगतो. तिथं मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच मत्तय ४:२१ मध्ये आहे, जिथं याकोब आणि योहान हे कोळी भाऊ आपली जाळी नीट करत होते. फाटलं ते परत कामाचं करायचं. मंडळीची शिस्त मला वस्तादांच्या त्या दोन वाक्यांत समजली. प्रभुभोजनापासून काही काळ थांबवा, हिशेबाचं काम काढून घ्या, पण बाकावरची जागा काढून घेऊ नका. करिंथ इथल्या मंडळीलाही पौल दुसऱ्या पत्रात सांगतो की झाली ती शिक्षा पुरे, आता क्षमा करा, नाहीतर तो माणूस दुःखात बुडून जाईल.

आता दुसरी बाजू. मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासूनची आपली मंडळी. लहान समाज, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत सोयरिकी. प्रत्येक जण कुणाचा तरी व्याही, कुणाचा मामा, कुणाच्या नोकरीला हातभार लावणारा. म्हणून साडेआठ हजारांची बोंब होते, आणि मोठ्या माणसाचं निघालं की "प्रीती पापांची रास झाकून टाकते" हे वचन बाहेर येतं. १ पेत्र ४:८ मिटवामिटवीसाठी लिहिलेलं नाही. १ तीमथ्य ५ वाचा: मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोघा-तिघांच्या साक्षीशिवाय घेऊ नका, पण पाप करत राहिले तर सर्वांदेखत दोष दाखवा. ज्याचं वजन जास्त, त्याचा हिशेब उघड.

आणि जिथं लेकराला किंवा बाईला इजा झाली आहे, तिथं "आपसात बघू" हा शब्द तोंडातून काढू नका. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाळकांवरही, पंचांवरही. तिथं "तू आणि तो, दोघंच" म्हणून त्या लेकराला त्याच माणसासमोर बसवणं हे वचनाचा आधार घेऊन केलेलं दुसरं पाप आहे. पश्चात्ताप खरा असेल तर तो माणूस ठाण्यातही खरंच सांगेल.

त्या पोराचे पैसे फिटले. शेवटच्या ओळीखाली मी तारीख घालून सही केली. पण पंचांच्या वहीत तो हिशेब आजही अपुराच आहे, आणि तो म्हणतो, "सगळ्यांपुढं कसं बसू, दादा?" पुढच्या पंचसभेत ती डायरी समोर ठेवून नोंद पूर्ण करून घ्यावी, असं पत्र मी पाळकसाहेबांना दिलं आहे.

शनिवारी संध्याकाळी मी त्याच्याकडं जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर एकानंच या. जास्त नकोत.