पाणी घालू नये

माझ्या डिडिएरियाला, म्हणजे कुंडीतल्या काटेरी झाडाला, सगळ्यात मोठा धोका आहे तो सासूबाईंच्या तांब्याचा. बाकी ऊन, खारी, गच्चीवर येणारी माकडं, सगळ्यांना ते पुरून उरतं, १० सेंटिमीटरपर्यंत लांब काटे येतात त्याला, चांदणीसारखे चहूकडे फुटलेले, हात लावायची कोणाची टाप नाही. पण पाणी लांबूनही ओतता येतं ना.

झाड मूळचं मादागास्करच्या नैऋत्येचं. तिकडच्या काटेरी जंगलात वर्षातले कित्येक महिने पाऊस फिरकत नाही, मग हे पानं गाळून, खोडातलं पाणी पुरवून पुरवून वापरत उभं राहतं. जंगलातलं उपटून परदेशी विकायला बंधनं आहेत, साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्टात नाव आहे त्याचं. एवढा मोठा माणूस आमच्या गंगापूर रोडच्या गच्चीत, आणि इथे दारात कोणी आलं की पहिले पाणी विचारायचं ही पद्धत.

थंडीत तर विचारू नका. निफाडला पारा घसरला की नाशिकही गारठतं, डिडिएरिया पानं टाकून झोपतं, आणि नुसता काट्यांचा दांडा बघून सासूबाईंचा जीव कळवळतो. ''अगं तहानलंय ते, पाप लागेल!'' झोपेत पाणी दिलं की मुळं सडतात, हे मी किती वेळा सांगितलं. शेवटी पाटी लावली, 'पाणी घालू नये'. दुसऱ्या दिवशी कुंडी ओली. कामाच्या मावशी म्हणाल्या, ''पाणी नाही घातलं ताई, तांदळाचं धुवण घातलं.''

सासूबाईंना पटावं म्हणून मी सांगितलं की आई, हे आपल्या घोळीच्या भाजीचं लांबचं नातेवाईक आहे, शास्त्रज्ञ म्हणतात तसं. त्यावर, ''मग भाजी होत नाही का याची?''

पावसाळ्यात माझा एकच नियम, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला गोदेचं पाणी लागल्याची बातमी आली की कुंडी हॉलमध्ये. मग पाहुण्यांच्या साड्या अडकतात, नवऱ्याची लुंगी अडकते, पण घरात पाऊस तरी नाही! तांब्या मात्र आहे. गेल्या श्रावणात बुडखा दाबून पाहिला तर मऊ.

तेवढ्यात निफाडचे मामा आलेले. द्राक्षवाले. डॉगरिज या रानटी द्राक्षाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळासकट खोडावर, थॉमसन द्राक्षाची कलमं बांधण्यात उभा जन्म गेलेला माणूस, त्यांना विचारलं तर म्हणाले, ''शेंडा चांगलाय ना? मग रडते काय, खुंट आण.'' आता खरंच, डिडिएरियाला खुंट लागतो तो त्याच्याच कुळातल्या अलुऑडियाचा, तेही मादागास्करचंच, काटेरीच, पण दणकट, आणि माझ्याकडे ते होतं. मामा पाचर कलमाच्या तयारीत, मी म्हटलं नाही मामा, याला दोन्हीकडे सपाट काप, खोडाच्या आतली पाणी वाहणारी गोल रेघ रेघेवर बसवायची आणि वरून रबर ताणायचं. मामांनी हातात द्राक्षाच्या छाटणीचे ग्लोव्हज घातले तरी काटे आरपार, आणि मग निफाडी भाषेत जे काही ऐकू आलं ते सासूबाईंनी देवघराचं दार लावून घेतलं इतकं होतं. पण कलम लागलं हो! नवी पानं फुटली.

अलुऑडियाचा कापलेला शेंडा मामा घेऊन गेले, बांधावर लावतो, शेळ्या येणार नाहीत म्हणाले. मी बजावलं, काप आठ-दहा दिवस सावलीत सुकू दे, मग लावा, मूळ धरेपर्यंत पाणी अजिबात नाही. हो हो म्हणाले.

उन्हाळ्यात व्हिडिओ कॉल आला. शेंडा ठिबकच्या नळीखाली खोचलेला, रोज पाणी, वर द्राक्षाचं उरलेलं खत, आणि माझ्या गच्चीतल्यापेक्षा हातभर उंच. अलुऑडियाला ऐन उन्हाळ्यात पाणी चालतं, आवडतं सुद्धा, अडचण डिडिएरियाची आहे, हे मी समजावत होते तोवर सासूबाई फोन माझ्या हातातून घेऊन सगळ्या बिल्डिंगला दाखवायला निघाल्या होत्या.