चेन-सॉकेट बदलताना डोळे मिटून घ्या

गाडीची चेन खडखडतेय? वाजू द्या. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घुंगरं बांधता, मग गाडीनं काय पाप केलं? पांदणीतून तुम्ही येताय हे घरी आधीच कळतं, चहा वेळेवर उकळतो.

तेल अजिबात नको. चेनकव्हरमध्ये पावसाळाभराची काळी माती गच्च बसलीय ना, बस झालं.

बदलायची वेळ आलीच तर नुसती चेन बदला. मागच्या चकरीचे दात मांजरीच्या नखासारखे वाकले असले तरी चकरी लोखंडाचीच आहे, तिला काय होतंय? पिना-बुश झिजून लांबलेल्या चेननं ते दात खाल्लेत, आता तेच दात नवी चेन खातील. पैसे दुसऱ्यांदा मोजताना मिस्त्रीशी ओळख वाढते, हा वेगळा फायदा.

चाक खोललंच आहे तर हबमधले, धक्का झेलणारे रबर चुकूनही पाहू नका.

चेन ताणून ताणून तारेसारखी करा. मधोमध दोन-अडीच सेंटिमीटर ढिली हवी म्हणतात, पण तसं म्हणणाऱ्यांनी ४५ किलोच्या युरियाच्या दोन गोण्या मागं टाकून खड्ड्यातून गाडी काढलेली नसते. ओझ्यानं मागचा भाग दबला की चेन आणखी तणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग रडतं. रडू द्या.

मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर दोन्हीकडं रेघा आखलेल्या असतात, चाक सरळ बसवायला. त्या शोभेच्या समजा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिस्त्रीवर पूर्ण विश्वास ठेवा. मी ठेवला होता. तालुक्याला गाडी लावली, "पूर्ण किट टाक" म्हटलं आणि समोरच्या टपरीवर मोबाइल पाहत बसलो. किट म्हणजे तीन वस्तू: चेन, मागची चकरी, पुढची गरारी. पैसे तिन्हीचे दिले. गेल्या रविवारी आईला घेऊन दारव्हा-दिग्रस रस्त्यावर होतो. खाडकन आवाज आला, चेन उतरून अडकली, मागचं चाक जाम झालं आणि आम्ही दोघं गिट्टीत. डावीकडचं कव्हर खोलून पाहतो तर गरारी जुनीच! १४ दात, एकही धड नाही. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकची पत्ती तर पत्त्यावरच नव्हती. पत्तीची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला ठेवायची असते, मिस्त्रीनं उलटी ठोकली होती, हे त्यानंच नंतर सांगितलं. कसं? म्हणे, "चालते ना भाऊ, टेन्शन काहून घेता? सगळ्याइच्या गाडीले असंच लावतो."

सगळ्यांच्या!

अरे, पुढच्या गरारीला दोन बोल्ट असतात. दोन! ते खोलायचा कंटाळा आला म्हणून माझ्या आईचा गुडघा फुटला, अजून सुजलेला आहे. पैसे घेतले तेव्हा हात दुखला नाही? आणि आपणही काही कमी नाही. पंपावर काटा शून्यावर आहे का ते पाहतो, कापसाच्या मापाला वजनकाट्यावर डोळे फाडून उभे राहतो, आणि जिच्यावर बायको-पोरं बसवतो ती गाडी खोलून दिली की चहा प्यायला जातो. जुनी चेन, जुनी चकरी, जुनी गरारी मोजून हातात मागायला कसली लाज वाटते? भंगारवालाही वजनानं घेतो.

काल त्याच टपरीवर एक पोरगा मान खाली घालून व्हिडिओ पाहत होता. गाडी समोर उघडी, मिस्त्रीच्या हातात हातोडा. ऊठ ना बाबा, जाऊन उभा राहा तिथं.