कोरडा दिवस कसा पाळावा

खान्देशात आरोग्य सेवक म्हणून रुजू झालात, अभिनंदन! जून म्हणजे हिवताप प्रतिरोध महिना, तेव्हा पहिलं काम रॅलीचं. शाळेतल्या सगळ्यात काटक्या पोराला काळे कपडे चढवा, की झाला डास. अ‍ॅनॉफिलिसची, म्हणजे हिवताप पसरवणाऱ्या डासाची, मादी दिवस मावळल्यापासून पहाटेपर्यंत चावते, म्हणून रॅली सकाळी दहाला काढावी. बिचारीची झोपमोड तरी होत नाही.

मग घरोघर जाऊन आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगा. टाकी, ड्रम, रांजण, कूलर, सगळं उपसून घासायचं. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशेब. हिशेब बिनचूक आहे. फक्त आमच्याकडे नळाला पाणीच दहाव्या दिवशी येतं. डासाचं आणि नळाचं वेळापत्रक एकाच टेबलावर ठरलं असावं, अशी माझी जुनी शंका आहे.

तुम्ही ड्रम कलंडवायला हात घातला, की ओट्यावरची आजी कडाडेल, "दहा दिनमा येस पानी, अन् तू वती देस?" वाद घालू नका. ड्रममध्ये टॉर्च मारा. पाण्याच्या वरच्या थराला चिकटून आडव्या पडलेल्या अळ्या दिसल्या, तर त्या हिवतापाच्या डासाच्या. डोकं खाली करून तिरक्या लटकत असतील, तर दुसऱ्याच्या. आजीला दाखवायला जाल, तर ती अळ्या खायला गेल्या वर्षी सोडलेल्या गप्पी माशांचा हिशेब मागेल. ते टाकी धुताना गटारात गेले. तिथे मजेत आहेत, पण अळ्या वर राहिल्या.

लोक फारच ओरडले, तर धुरळणी करा. धूर दिसतो, आवाज होतो, मागे पोरं पळतात, पुढे पुढारी फोटोला उभा राहतो. धुराने उडते डास मरतात. ड्रममधल्या अळ्यांना ठसकासुद्धा लागत नाही.

ताप आलाच, तर बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्या. त्यात व्हायवॅक्स जातीचा हिवतापाचा जंतू निघाला, तर क्लोरोक्वीन ३ दिवस आणि प्रायमाक्वीन १४ दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, चौथ्या दिवशी पेशंट रावेरकडे केळीच्या घडांखाली आणि उरलेल्या गोळ्या देवघराच्या कोनाड्यात. जंतू मात्र यकृतात दडी मारून बसतो आणि सगळे विसरले, की पुन्हा हुडहुडी भरवतो. तुम्ही रजिस्टरात 'उपचार पूर्ण' लिहून मोकळे व्हा.

निघताना आजी ड्रमवर जुनं लुगडं दुहेरी घालून सुतळीने करकचून आवळते, ते बघा. डासाला आत शिरायला फट नाही, पाणीही सांडलं नाही. फॉर्ममध्ये याला रकाना नाही. 'कोरडा दिवस पाळला नाही' यावर खूण करा आणि पुढच्या घराची कडी वाजवा.